सोळा कॅमेऱ्यांचे मुदत सर

मुदत सर हातोडा घेऊन शिकवत. पहिल्याच तासाला ते दोन किलोचा हातोडा खांद्यावर टाकून वर्गात आले, टेबलावर लॅपटॉपची एक मेलेली हार्ड डिस्क ठेवली, पेचकसाने तिचं झाकण काढलं आणि आतल्या चकचकीत थाळीवर घाव घातला. त्या थाळ्या काचेच्या असतात हे आम्हाला तेव्हा कळलं, कारण एक तुकडा उडून सरांच्या डाव्या भुवईत घुसला. रक्त डोळ्यात उतरत होतं आणि सर थाळीवरची ती बारीक सुई चिमटीत धरून पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत दाखवत फिरत होते.

"पाह्यली? सुई एकच आहे. मागणारे शंभर. हिनं कोनाकडे आधी जायाचं, हा सारा विषय आहे. बाकीच्यानं पुस्तकाची पानं भरली."

समोरच्या बाकावरची एक मुलगी चक्कर येऊन पडली. सरांनी तिच्या तोंडावर पाणी मारलं, स्वतःच्या भुवईला रुमाल बांधला आणि तास पुढे चालू केला.

त्यांचं खरं नाव मी लिहीत नाही. ते वडनेर भोलजीचे होते, चिखलीजवळच्या एका तंत्रनिकेतनात शिकवत आणि कशालाही 'हिची मुदत काय?' असं विचारत, म्हणून पोरांनी त्यांना मुदत सर केलं. मी हमालाची मुलगी. बाबा हमालांच्या संघटनेचे पुढारी, त्यामुळे आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. जोडाक्षरं मी 'शोषण' आणि 'संघर्ष' या शब्दांवर शिकले. हे शब्द कॉम्प्युटरच्या तासाला भेटतील असं मला वाटलं नव्हतं.

"गावात टँकर आला," सर म्हणाले. "ड्रायव्हर जवळच्या घराले आधी पानी देते. मंग त्याच्या जवळच्याले. मंग त्याच्या जवळच्याले. तेवढ्यात पहिल्याची टाकी पुन्हा रिकामी झाली, तो पुन्हा वापस आला. शेवटच्या वस्तीचं काय?"

"मरते, सर," मागून कोणीतरी म्हणालं.

"बरोबर. पुस्तकातबी त्याले उपासमारच म्हनतात. कॉम्प्युटरवाल्यानं हा शब्द काऊन घेतला असन? कारन त्यानंबी रांग पाह्यली होती." मग त्यांनी फळ्यावर रेघ ओढली. आधी कोणाकडे जायचं? ज्याचं भांडं आधी कोरडं पडणार त्याच्याकडे. पण मग टँकर नुसता या टोकाहून त्या टोकाला पळेल, डिझेल जाळेल आणि कोणालाच पाणी पुरणार नाही. म्हणून ज्यांची मुदत एकाच वेळी संपते त्यांना एका फेरीत, वाटेवर येतील तसं उरकायचं. आधी मुदत, मग वाट. सरांचं सगळं शास्त्र या चार शब्दांत होतं. डिस्कवर गाणं साठवलं असो की सिनेमा, त्याचा पुढचा तुकडा वेळेत मिळाला तरच त्याला अर्थ. उशिरा आलेला तुकडा न आलेल्यासारखाच.

वर्गाबाहेरही ते असेच जगत, आणि त्याने रक्त निघे. एकदा माझ्या डोळ्यांदेखत दवाखान्यात एका बाईला साप चावून आणलं होतं. ती बाकावर निळी पडत होती आणि एक गळ्यात जाड साखळी घातलेला माणूस घसा दुखतो म्हणून ओळखीच्या जोरावर थेट डॉक्टरांच्या खोलीत शिरला. सरांनी त्याला कॉलरला धरून बाहेर ओढला आणि भिंतीवर आपटला. "तुहा घसा उद्याबी दुखन बे! तिची मुदत अर्ध्या घंट्याची आहे!" बाई वाचली. संध्याकाळी त्या माणसाच्या भावांनी सरांना बसस्टँडमागे गाठलं आणि त्यांचे दोन दात पाडले. सर दुसऱ्या दिवशी तसेच वर्गात आले. दातांच्या फटीतून हवा जात होती, तरी तास पूर्ण घेतला.

बाबांना हे पटत नसे. ते आणि सर घट्ट दोस्त, पण या एका गोष्टीवर रोज भांडण.

"मास्तर, हात उचलला का मुद्दा पडते," बाबा म्हणायचे.

"भाऊ, तुमचा मुद्दा उभा राहीपर्यंत मानूस मरते."

"मरू द्या तुमचं. पन त्या घसादुख्याले तुमी मारलं, मंग लोक काय म्हनून राह्यले? मास्तर पागल आहे. साप कोनाच्या ध्यानात राह्यला?"

शेवटचा शब्द सर फक्त बाबांनाच घेऊ देत. 

बाबांची एक रीत होती. हमाल पोती ओढतात ती लोखंडी आकड्यांनी. आकडा हातात असला की माणूस भीतिदायक दिसतो आणि मालक लोकांना नेमकं तेच हवं असतं. म्हणून कुठेही धरणं धरायचं असलं की बाबा आधी सगळ्यांचे आकडे मोकळ्या जागी एका ढिगात ठेवायला लावत. मगच घोषणा. ढिगाला कोणी हात लावला तर तो संघटनेबाहेर.

तंत्रनिकेतनाच्या एका बैठकीत सरांनी खुर्ची खिडकीतून बाहेर फेकली. खुर्चीच्या मागोमाग तेही निघाले. चिखलीत त्यांनी कॅमेरे बसवायचं दुकान टाकलं आणि पदविका झाल्यावर मी तिथे कामाला लागले. आमचं सगळ्यात मोठं काम म्हणजे गावाबाहेरचं एक खासगी खरेदी आवार. सोयाबीन, तूर, कापूस, सगळा माल तिथे उतरे. बाबांचे हमाल तिथेच राबत. मालकाने सोळा कॅमेरे लावले ते हमाल पोत्यातून मूठभर धान्य चोरतात का हे पाहायला. त्याच आवारात क्विंटल-क्विंटलची पोती एका माणसाच्या पाठीवर देत, ते पाहायला कॅमेऱ्याची गरज कोणाला वाटली नव्हती.

मग पोत्यांची एक थप्पी कोसळली. किसनभाऊ खाली सापडले. त्यांचा उजवा पाय गुडघ्यापासून असा चिरडला की पोतं बाजूला केल्यावर तो कोणता भाग आहे हे ओळखू येईना. मालकाचा पुतण्या कार्यालय सांभाळायचा. तो म्हणाला, किसन प्यायलेला होता, त्यानेच खालचं पोतं ओढलं. आम्ही म्हणालो, कॅमेरा पाहू. पाहिला. थप्पी उभी आहे, किसनभाऊ येत आहेत, आणि पुढच्याच चित्रात ते खाली आहेत. मधले अकरा सेकंद नव्हते.

कारण अगदी साधं होतं. त्या वेळी पुतण्या कार्यालयात बसून आदल्या दिवसाचं चित्रण वेगाने मागे-पुढे करत होता, कोणाची तरी मोटारसायकल शोधत. डिस्कची सुई एकच. तिला बाजारातल्या त्या तयार यंत्राने शिकवलं होतं की समोर बसलेल्या साहेबाला थांबवायचं नाही. सुई साहेबाला मोटारसायकल दाखवत राहिली, तेवढ्यात कॅमेऱ्यांकडून आलेली चित्रं ताटकळली आणि मुदत संपल्यावर फेकली गेली. फेकलेल्या चित्रांत किसनभाऊंचा पाय होता.

ते यंत्र सरांनीच बसवलं होतं. त्यांनी ते दुकानाच्या ओट्यावर आणलं आणि हातोड्याने चेचलं. डिस्क आधी काढून घेतली होती, बाकी सगळ्याचा भुगा केला. मग हातोडा स्वतःच्याच डाव्या तळव्यावर मारला. मी ओरडले. करंगळीचं हाड मोडलं होतं. "पाहनारा थांबू शकते पोरी," ते दात आवळून म्हणाले. "घडनारं थांबत नाई. एवढी साधी गोष्ट मी त्या डबड्याले शिकवली नाई."

त्यानंतर दोन महिने ते मोडक्या बोटाने टाइप करत बसले. जुन्या कॉम्प्युटरवर त्यांनी स्वतःचा रेकॉर्डर रचला. नियम एकच: सोळा कॅमेऱ्यांचं लिहिणं मुदतीत झालंच पाहिजे. पाहणारा, मागे-पुढे करणारा, कॉपी काढणारा, या सगळ्यांनी उरलेल्या वेळात थेंब-थेंब घ्यायचं. मालक असो की चपराशी. धान्याच्या धुळीने पंखे बंद पडत, म्हणून सरांनी ते यंत्र आवारातल्या कॅमेऱ्यांच्या खोलीला लागून असलेल्या बारदान्याच्या खोलीत पत्र्याच्या कोठीत ठेवलं, कोठीला भोकं पाडून जाळी लावली. कॅमेऱ्यांच्या खोलीत नुसता टीव्ही राहिला आणि शोभेला एक बंद पडलेला रेकॉर्डर.

पुतण्याला पुढे सतरावा कॅमेरा हवा झाला. हमाल जिथे भाकर खातात त्या लिंबाखाली.

"नाई होत," सर म्हणाले. "सोळाले शब्द देल्ला आहे. सतरावा घेतला का साऱ्याईचा शब्द मोडते."

"एकानं काय मरते हो मास्तर?"

"ते किसनले इचार."

पुतण्याने नवा कॅमेरा खोक्यासह टेबलावर ठेवला. सरांनी हातोडा काढला. पुढचं सांगायला नको.

धरणं धरलं तो सोमवार होता. मागणी एकच: पन्नास किलोच्या वरचं पोतं पाठीवर घेणार नाही. सकाळी दहाला बाबांनी फाटकापाशी, तीन नंबरच्या कॅमेऱ्यासमोर, आकड्यांचा ढीग लावून घेतला. वीस माणसं खाली बसली. कुबड्या घेऊन किसनभाऊही आले होते. मी आणि सर कॅमेऱ्यांच्या खोलीत एक तार बदलत होतो.

साडेअकराला दोन पिकअप आल्या. उतरलेल्यांच्या हातात कुऱ्हाडीचे दांडे आणि सळया होत्या.  पहिला दांडा बाबांच्या कानावर बसला. मी टीव्हीवर पाहत होते आणि आवाज नव्हता. बाबा बसल्या जागी कलंडले, त्यांचे दोन्ही हात वर होते, पंजे उघडे. किसनभाऊंची कुबडी एकाने हिसकली आणि तिनेच त्यांना झोडपलं. बसलेल्या माणसांना मारायला वाकावं लागतं. ते वाकून-वाकून मारत होते.

मी दाराकडे धावले. सरांनी मला मनगटाला धरून मागे ओढलं.

"पाह्य," ते म्हणाले. "पुतन्याचं पाह्य."

टीव्हीच्या कोपऱ्यात मागण्यांची रांग दिसायची. कार्यालयातून एकदम सोळाही कॅमेऱ्यांचं जुनं चित्रण मागितलं गेलं होतं, सगळ्यात जास्त वेगाने. त्या अकरा सेकंदांतून तोही शिकला होता. सुईला गुंतवलं की आजचं लिहिलं जाणार नाही, असा त्याचा हिशेब. पण सरांच्या नियमाने त्याची मागणी रांगेच्या शेवटी उभी केली होती. त्याच्या पडद्यावर नुसतं चाक फिरत असणार.

"आता त्याले समजन," सर म्हणाले. "मंग थो मानसं पाठवन. जाय, आत जाय." त्यांनी मला बारदान्याच्या खोलीत ढकललं. "कॉपी काढू नको. लिहू दे." बाहेरून कडी लागली, कुलूप लागलं. मग व्हरांड्यातल्या दारापाशी त्यांची पावलं वाजली आणि थांबली. त्या दारावर सोळा नंबरचा कॅमेरा होता.

पुढचं मी ऐकलं. "सरक मास्तर." "नाई." "सरक म्हनतो ना बे!" "नाई." मग ओल्या कापडावर मोगरी आपटावी तसा आवाज. पुन्हा. पुन्हा. सर ओरडले नाहीत. त्यांचा श्वास मात्र भिंतीतून ऐकू येत होता.

आता मी कबूल करते. मला वाटलं, ते कोठीपर्यंत येणार, सगळं फोडणार, काहीच उरणार नाही. मी खिशातला पेनड्राइव्ह लावला आणि कॉपी सुरू केली. सरांनी नको सांगितलं होतं ते केलं. कोठीजवळच्या छोट्या पडद्यावर माझी मागणी पुतण्याच्या मागणीच्या मागे जाऊन उभी राहिली. मी कोणाची मुलगी आहे हे त्या यंत्राला माहीत नव्हतं. एक टक्का. एक टक्का. दोन टक्के. बाहेर हाड मोडल्याचा आवाज आला. मी तोंडात बारदाना कोंबून त्या यंत्राला आणि ते रचणाऱ्याला माझ्या तोंडून कधी न निघालेल्या शिव्या दिल्या.

मग ते आत शिरले. टीव्ही फुटला. शोभेचा रेकॉर्डर फुटला. त्यांनी त्याचे तुकडे लाथांनी चिरडले, खूश झाले आणि गेले. बारदान्याच्या खोलीकडे कोणी पाहिलंही नाही. कॉपी तीन टक्क्यांवर होती.

पोलिसांनी कुलूप फोडून मला बाहेर काढलं आणि डिस्क त्याच दुपारी पंचनाम्यात सील झाली. ती पाहायची संधी मला मिळाली नाही. मालकाने तक्रार दिली की हमालांनी आकडे उपसून आधी हल्ला केला. बाबांवर आणि एकोणीस जणांवर खटला उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात सर शुद्धीवर आले. डोक्याला पट्ट्या, जबडा तारेने बांधलेला, एक डोळा गेलेला. शब्द फटीतून येत होते.

"किती चित्रं गेली?"

"एकही नाही, सर."

"पाह्यलं तुवा?"

"हो."

ते माझ्याकडे त्या एका डोळ्याने पाहत राहिले, परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोराकडे पाहत तसे. मग म्हणाले, "मंग बरं." दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

मी दोन वाक्यांत दोनदा खोटं बोलले होते. ती डिस्क जुनी होती. पुतण्या आणि मी, दोघांनी एकाच वेळी तिला ओरबाडलं होतं. एवढा भार सरांनी स्वतः कधी तपासला नव्हता. माझ्या घाईने जर दहा-बारा सेकंद गेले असतील, तर त्याच फटीत मालकाचा वकील वीस हमालांच्या हातात आकडे बसवणार आणि माझा बाप तुरुंगात जाणार, हे मला कळत होतं. दीड वर्ष मी हे कोणाला सांगितलं नाही. बाबांनाही नाही.

निकालाचं एका ओळीत सांगते: हमाल सुटले. मला लिहायचं आहे ते तज्ज्ञाच्या साक्षीच्या दुपारचं.

मालकाच्या वकिलाने नेमकं तेच उकरलं. म्हणाला, या आवारातल्या चित्रणात पूर्वीही अकरा सेकंद गायब होते. शिवाय घटनेच्या वेळी कार्यालयातून आणि आतल्या खोलीतून, दोन ठिकाणांहून, डिस्क वाचली जात होती. मग हे चित्रण अखंड कसं?  सरकारी तज्ज्ञ मध्यम वयाचा, कंटाळलेल्या आवाजाचा माणूस होता. त्याने कागद उलटला आणि वाचलं.

"कॅमेरा क्रमांक तीन. गहाळ चित्रं, शून्य. कॅमेरा क्रमांक सोळा. दारावरच्या मारहाणीचा अवधी चार मिनिटं दहा सेकंद. अपेक्षित चित्रं सहा हजार दोनशे पन्नास. मिळालेली चित्रं सहा हजार दोनशे पन्नास."

मग चित्रण लावलं. तीन नंबरवर आकड्यांचा ढीग. माणसं पडत होती, रक्त ढिगावर उडत होतं, आणि त्यातला एकही आकडा हलला नाही. नंतर सोळा नंबर. मी मान खाली घातली. अर्ध्यावर न्यायाधीश बाईंचा आवाज आला, "थांबवा जरा." कारकुनाने चित्र थांबवलं. बाईंनी चष्मा काढला, त्या पाणी प्यायल्या. 

पाहणारा थांबू शकतो. मी मान वर केली. पडद्यावर सर दारात उभे होते. दोन्ही हातांनी चौकटीच्या दोन बाजू घट्ट धरलेल्या. हातोडा त्यांच्या मागच्या टेबलावर, हाताच्या अंतरावर, स्पष्ट दिसत होता.

"पुढे चालू करा," बाई म्हणाल्या.

मी शेवटपर्यंत पाहिलं. एक बोट सुटलं, मग दुसरं, मग मनगट वाकडं झालं, पण ज्या हाताने त्या साखळीवाल्याला भिंतीवर आपटला होता तो हात चौकट सोडून पुढे आला नाही. शेजारी बाबा बसले होते. त्या दिवसापासून त्यांना उजव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून त्यांना आपण मोठ्याने बोलतोय हे कळत नाही. भर कोर्टात ते म्हणाले,

"मास्तरनं हात उचलला का वो, पोरी? मले तं दिसला नाई."

"नाही बाबा," मी त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले. "एकदाही नाही. सगळं लिहिलं गेलंय."